चोर सोडून स्पीकरला फाशी

गाडीत नवे स्पीकर बसवले आणि आवाज फाटला, की आपल्याकडे निकाल तिथल्या तिथे लागतो. दुकानदार म्हणतो, "माल डुप्लिकेट लागला असेल." मित्र म्हणतो, "वॅट कमी पडले, तीनशेवाले टाक." गाडीतलं थोडंफार कळणारा शेजारी म्हणतो, "नवे आहेत, पंधरा दिवस वाजू देत, मोकळे होतील." उपाय तीन, आरोपी मात्र एकच.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. या पक्षाला तीन आधार आहेत. पहिला प्रत्यक्षाचा: फाटका आवाज येतो तो स्पीकरमधूनच. दुसरा अनुमानाचा: गाडी तीच, स्टिरिओ तोच, गाणी तीच, बदलले ते फक्त स्पीकर, आणि त्यानंतर आवाज फाटला, तेव्हा कारण स्पीकरच. तिसरा आधार शास्त्राचा, आणि तोच सर्वांत वजनदार. आवाजाच्या साखळीत सर्वांत जास्त विकृती स्पीकरच करतो, हे कोणताही जाणकार मान्य करील. चांगला अ‍ॅम्प्लिफायर आपल्या ऐपतीत चालत असेल तर त्याची विकृती एक टक्क्याच्याही बरीच खाली राहते. स्पीकर मात्र खर्जाचे सूर जरा जोरात वाजवू लागला की सहज दोन-तीन टक्क्यांवर जातो. मग संशय त्याच्यावर घेतला तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते 'ऐपतीत' या एका शब्दापाशी, आणि 'बदलले ते फक्त स्पीकर' या वाक्यापाशी. माझं म्हणणं असं, की नव्या स्पीकरमधून येणारा फाटका आवाज बहुतेक वेळा स्पीकरपर्यंत पोचण्याआधीच फाटलेला असतो. जुना स्पीकर ते झाकून नेत होता, नवा झाकत नाही, एवढाच फरक.

हे पुस्तकी बोलणं नव्हे, म्हणून एक गाडी डोळ्यांसमोर ठेवतो. गेल्या पावसाळ्यात भाचा त्याची जुनी हॅचबॅक घेऊन दारात उभा राहिला. "मामा, दुसऱ्यांदा बदलले. तरी तेच!" पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची कोएक्सिअल, म्हणजे मधोमध छोटा ट्विटर असलेले स्पीकर. पहिली जोडी 'डुप्लिकेट' ठरवून परत केलेली, दुसरी वेगळ्या कंपनीची, डब्यावर '३०० वॅट' छापलेली. दोन्ही जोड्या एकाच ठिकाणी फाटत होत्या: स्टिरिओवर ४० पैकी २२ हा आकडा आला, की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गायिकेचा आवाज चिरकायचा.

पूर्वपक्षाला पहिलं भोक इथेच पडतं. न्यायशास्त्रात कारण ठरवायचं तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहतात: कारण असलं की कार्य असतं का, आणि कारण काढलं की कार्य जातं का. इथे कारण म्हणून पुढे केलेला स्पीकर बदलला, कंपनी बदलली, किंमत बदलली, तरी कार्य हललं नाही. ते २२ च्या आकड्याला चिकटून राहिलं, आणि तो आकडा स्पीकरवर नसतो, स्टिरिओवर असतो. 'नवे स्पीकर आल्यावर फाटला, म्हणून नव्या स्पीकरमुळे फाटला' हा तर काकतालीय न्याय झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग मी त्याला इंजिन चालू करायला सांगितलं. २२ वर फाटणारं गाणं आता २३ पर्यंत तग धरू लागलं. इंजिन बंद केलं, पुन्हा २२ वर फाटलं. आता विचार करा, दारातल्या कागदी कोनाला इंजिन चालू आहे की बंद, हे कसं कळणार? ते कळतं बॅटरीवर जगणाऱ्याला, म्हणजे डॅशबोर्डमधल्या अ‍ॅम्प्लिफायरला. इंजिन बंद असताना त्याला १२ व्होल्टच्या आसपास मिळतात, चालू असताना अल्टरनेटर १४ च्या आसपास नेतो. त्याची उडी तेवढ्याने लांबते, आणि फाटण्याची जागा पुढे सरकते.

ही उडी किती लांब, याचा हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. त्या स्टिरिओच्या कपाळावर ठसठशीत '५० × ४' लिहिलेलं होतं. बहुतेक स्टिरिओंवर असतं, आणि ते वाचून लोक म्हणतात, दोनशे वॅटचा स्टिरिओ, त्याला हे स्पीकर पुरले नाहीत. पण गाडीच्या स्टिरिओत विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, वाढवणारी वेगळी यंत्रणा सहसा नसते. टीडीए ७३८८ सारखी एखादी चिप चारही स्पीकर चालवते, आणि तिला मिळतो तो गाडीचाच दाब. स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलून ती जास्तीत जास्त तेवढाच दाब लावू शकते. १४.४ व्होल्ट धरले आणि स्पीकर ४ ओहमचा, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८. हाच तो कपाळावरचा ५०!

पण हा आकडा निघतो केव्हा? दाब सतत पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असेल, मधला एकही क्षण नसेल, तेव्हा. म्हणजे लहर गोलाईदार न राहता चौकोनी झाली असेल तेव्हा. स्वच्छ, गोलाईदार लहरीला त्याच दाबात बरोबर निम्मी ताकद मिळते, २६ वॅट. त्यातून चिपमध्ये जिरणारे साधारण दोन व्होल्ट वजा केले, की हातात १८ ते २० वॅट उरतात. थोडक्यात, स्टिरिओवर अभिमानाने छापलेला ५० वॅटचा आकडा हा पूर्णपणे फाटलेल्या आवाजाचा आकडा आहे. शंका असेल तर स्टिरिओच्या पाठीमागचा फ्यूज पाहा. भाच्याच्या स्टिरिओला १० अँपिअरचा होता. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट, तेही आत जाणारे, आणि त्यातच स्क्रीन, रेडिओ आणि उष्णता आली. १४४ घेऊन सतत २०० देणारा दाता अजून जन्माला यायचा आहे. याच गोंधळाला लगाम घालायला अमेरिकेतल्या उद्योगसंघटनेने २००३ मध्ये सीईए-२००६ हे मानक आणलं. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृती १ टक्क्याच्या आत, अशी अट घालून मोजलेले वॅटच खरे. त्या मापाने डॅशमधले बहुतेक स्टिरिओ पंधरा ते बावीसच्या घरात बसतात.

आता भाच्याने बेस +६ डेसिबलवर ठेवला होता. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट ताकद, ६ म्हणजे चौपट. मूळ गाण्यातल्या ढोलाला ६ वॅट लागत असतील तर आता २४ लागणार, आणि घरात आहेत १८. लहरीचा माथा आणि तळ छाटला जातो. दुकानात याला क्लिपिंग म्हणतात. आणि ढोलाने सगळा दाब खाऊन टाकल्यावर त्याच क्षणी त्याच्या पाठीवर बसलेला गायिकेचा सूरही छाटला जातो. ढोलाच्या ठोक्याबरोबर गळा का चिरकायचा, त्याचं उत्तर हे.

इथे प्रतिपक्षी म्हणेल, "बरं, मान्य. पण स्टिरिओ तोच होता, बेसही तोच होता, तरी जुन्या स्पीकरवर आवाज फाटत नव्हता, त्याचं काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि सगळ्या वादाची किल्ली त्यातच आहे. लहर छाटली, की तिच्यात नवे, उंच सूर जन्माला येतात. मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे. कानाला जे 'फाटणं' जाणवतं, ती बरीचशी या वरच्या सुरांची करणी. कंपनीकडून आलेला जुना स्पीकर म्हणजे एक साधा कागदी कोन, ट्विटर नाही. उंच सूर त्याला धड वाजवताच येत नाहीत. म्हणून लहर छाटली जात होती तरी तिचे तुकडे त्याच्याबाहेर पडत नव्हते. ऐकणाऱ्याला आवाज जरा बोदा वाटायचा, फाटका नाही. नव्या स्पीकरला मधोमध ट्विटर आला आणि ते सगळे तुकडे खणखणीत ऐकू येऊ लागले. मंद बल्ब काढून प्रखर लावला आणि भिंतीवरची ओल दिसली, म्हणून कोणी बल्ब परत करत नाही. स्पीकरच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

तिसरा, शास्त्राचा आधार राहिला. स्पीकर सर्वांत जास्त विकृती करतो हे खरंच आहे, पण कशी करतो ते पाहायला हवं. चुंबकाच्या फटीत कॉईल आणि तिला चिकटवलेला कोन ही रचना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली, आणि आजही दारातला स्पीकर मुळात तोच आहे. या रचनेत कॉईल जसजशी फटीबाहेर जाऊ लागते तसतसा चुंबकाचा जोर उतरत जातो, आणि मागची स्प्रिंगसारखी जाळी ताठर होत जाते. स्पीकर हळूहळू कुरकुरतो. त्याची विकृती चढावासारखी वाढते, आणि ती मुख्यतः दुप्पट-तिप्पट सुरांची असल्यामुळे मूळ सुरात मिसळून जाते. अ‍ॅम्प्लिफायरचं तसं नाही. दाब संपेपर्यंत तो जवळजवळ निर्दोष असतो, आणि दाब संपला की पुढे सरळ भिंत. आवाजाची खुंटी दोन-तीन आकडे पुढे सरकली, की विकृती एका टक्क्याच्या खालून दहा टक्क्यांवर जाते. कानाला चढाव कळत नाही, भिंत कळते. '२१ वर स्वच्छ, २२ वर फाटका' हा अनुभवच सांगतो की धडक भिंतीवर बसली आहे. तेव्हा तिसरा आधार खरा असूनही प्रस्तुत प्रश्नाला लागू पडत नाही.

आता 'जास्त वॅटचे टाका' या सल्ल्याकडे वळू. स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसू शकतो त्याचा आकडा. तो स्पीकर देतही नाही आणि मागतही नाही. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बांधली म्हणून पालिकेचं पाणी वाढत नाही. त्यातही डब्यावरचे ३०० हे क्षणभरासाठीचे असतात. सतत सोसण्याचा आकडा, ज्याला बाजारात 'आरएमएस' म्हणतात, तो बारीक अक्षरात ५०-६० असतो. पाहायचा असतो तो वेगळाच आकडा: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ९३ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर यांत, तेवढ्याच आवाजाला दुसऱ्याला दुप्पट ताकद लागते. जास्त वॅट सोसणाऱ्या स्पीकरची कॉईल आणि कोन अनेकदा जड असतात, त्यामुळे हा आकडा खाली येतो. म्हणजे अठरा वॅटच्या स्टिरिओवर तीनशेवाला स्पीकर लावणारा माणूस भिंत लांब करत नाही, जवळ आणतो. भाच्याची दुसरी जोडी पहिलीपेक्षा हळू वाजायची, म्हणून तो खुंटी आणखी पिळायचा.

पण मुळात बेस +६ वर गेलाच कशाला? "चार वर्षांपूर्वी हा स्टिरिओ बसवला तेव्हापासून बेस जरा कमीच वाटायचा, म्हणून वाढवून ठेवलाय," भाचा म्हणाला. मी बॅलन्स पूर्ण उजवीकडे फिरवला. डावा स्पीकर बंद झाला आणि बेस वाढला! दोघांपैकी एक गप्प बसल्यावर आवाज भरदार होत असेल, तर दोघे एकमेकांविरुद्ध जोर लावत आहेत, असाच त्याचा अर्थ.

खात्री करायला लागते ती भिंतीवरच्या घड्याळातली दीड व्होल्टची पेन्सिल सेल. दारांचे पॅड उतरवले, स्टिरिओ डॅशमधून बाहेर ओढला आणि मागचा कपलर सोडवला. हे महत्त्वाचं, सेल स्टिरिओच्या पोटात जाता कामा नये. कपलरमधली राखाडी वायर उजव्या स्पीकरची अधिक, राखाडीवर काळा पट्टा ती उणे. सेलचं अधिक टोक राखाडीला, उणे पट्ट्याच्या वायरीला, क्षणभर टेकवलं. दारात 'टप्' असा आवाज झाला आणि कोन बाहेर आला. हे बरोबर. मग डाव्या स्पीकरची पांढरी आणि पांढरी-काळी घेतली. 'टप्'. कोन आत गेला. चार वर्षांपूर्वी गाडीचा कपलर आणि स्टिरिओचा कपलर जोडताना कोणीतरी दोन वायरी अदलाबदल करून पिळल्या होत्या. गाडीच्या दारातल्या वायरींचे रंग स्टिरिओच्या रंगांशी जुळत नाहीत, तेव्हा अंदाजाने जोडलं की असं होतं.

सेकंदाला शंभर कंपनांच्या सुराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, आणि गाडीची आतली रुंदी तिच्या निम्म्याहूनही कमी. एक कोन हवा ढकलतो, समोरचा त्याच वेळी ओढतो, आणि खर्ज मधल्या मध्ये खलास होतो. आता सगळी साखळी जुळवून पाहा. एक वायर उलटी, म्हणून बेस गेला. बेस गेला म्हणून खुंटी +६ वर गेली. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर भिंतीवर आदळू लागला, लहर छाटली गेली, आणि नव्या ट्विटरने ते जगजाहीर केलं. निकाल लागला तो मात्र साखळीच्या शेवटच्या कडीविरुद्ध. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

याचा अर्थ स्पीकर नेहमीच निर्दोष असतो, असा दावा मी करत नाही. तसं म्हटलं तर तो दुसऱ्या टोकाचा हट्ट होईल. दार कापताना किंवा भोक पाडताना उडालेला लोखंडाचा कीस चुंबकाने ओढून फटीत घेतला, तर कॉईल घासते. वेड्यावाकड्या जागी स्क्रू एका बाजूने करकचून आवळला, तर पातळ पत्र्याची बास्केट वाकते आणि पुन्हा कॉईल घासते. स्पीकरची खोली जास्त असेल तर काच खाली येताना चुंबकावर अडते. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद नीट चिकटवला नाही, तर तो खर्जाबरोबर फडफडतो, वर पावसाचं पाणी आत येतं ते वेगळंच. पण या दोषांची लक्षणं निराळी आहेत. घासणारा स्पीकर हळू आवाजातही खरखरतो. त्याला भिंतीची वाट पाहावी लागत नाही. कोनावर चारही बोटं सारखी टेकवून हलकेच दाबलं तर बोटांना खरखर लागते. फडफड ठरावीक सुरालाच होते आणि दाराच्या पॅडवर तळहात दाबला की थांबते. मीटर लावला तर ४ ओहमचा धडधाकट स्पीकर सव्वातीन ते साडेतीनच्या आसपास दाखवतो. भाच्याचे दोन्ही ३.४ दाखवत होते.

आणि एकच दार फाटत असेल, तर निवाडा करणारी परीक्षा अशी: स्टिरिओच्या मागे डाव्या-उजव्या वायरींच्या जोड्या आपसात बदला. दोष दुसऱ्या दारात गेला तर तो स्टिरिओचा, तिथेच राहिला तर दाराचा. हाच व्यतिरेक, आणि याला पाच मिनिटं लागतात. नवी जोडी विकत घेण्याआधी ही पाच मिनिटं कोणी खर्च करत नाही, हीच माझी तक्रार आहे.

'पंधरा दिवसांत मोकळे होतील' या मतात सत्याचा एक कण आहे. मागची जाळी सुरुवातीला थोडी ताठ असते, आणि काही वेळ वाजल्यावर सैलावते. पण त्याने खर्ज किंचित खाली उतरतो. छाटलेली लहर जाळी सैलावल्याने शिवली जात नाही. पंधरा दिवसांत मोकळा होतो तो बहुतेक वेळा आपला कान.

मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावला की स्पीकर उडतो, या भीतीचंही तसंच. स्पीकर जळतो तो उष्णतेने, म्हणजे त्याच्यात सतत गेलेल्या ताकदीने. साठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर तीसवर स्वच्छ चालणं केव्हाही चांगलं. याच्या उलट 'कमी ताकद दिली की स्पीकर मरतो' असंही हल्ली ऐकू येतं, तेही अर्धवटच आहे. वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर कितीही छाटला तरी चाळीसच्या पलीकडे जात नाही, आणि साठ सोसणारा कोन त्याने मरत नाही. जपायचा तो नाजूक ट्विटर, कारण छाटलेल्या लहरीचे उंच तुकडे त्याच्याच वाट्याला येतात.

शेवटी आम्ही केलं ते एवढंच. डावी वायर सरळ केली, बेस शून्यावर आणला. स्टिरिओत खोल खर्ज अडवणारा हाय-पास फिल्टर होता, तो ८० कंपनांवर लावला. तेवढाच आवाज काढायचा तर सूर एक सप्तक खाली गेला की कोनाला चौपट हलावं लागतं, आणि साडेसहा इंची कोनाने त्या फंदात पडू नये. गाणं आता २९ पर्यंत स्वच्छ जाऊ लागलं, आणि बेस पूर्वीपेक्षा जास्त होता.

भाच्याचं समाधान झालं, माझं झालं नव्हतं. जुने, कंपनीचे स्पीकर डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळून पडले होते. डाव्या दाराचा काढला, जागेवर जोडला, बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवला, वायर पुन्हा उलटी केली, फिल्टर बंद, बेस पुन्हा +६, इंजिन बंद, खुंटी २२ वर, आणि तेच गाणं लावलं. पहिल्यांदा ठीक वाटलं. मग भाच्याला म्हटलं, कान जवळ ने आणि ढोल ऐकू नकोस, ढोल पडतो तेव्हा गायिका ऐक.

त्याने दाराशी उकिडवं बसून दोन कडवी ऐकली. उशीखाली दाबल्यासारखी, पण चिरक तिथेही होती.

"म्हणजे मामा," तो तसाच बसून म्हणाला, "चार वर्षं मी हेच ऐकत होतो?"